गोळ्यांच्या डबीतल्या बिया

आमच्या घरात पत्रक लिहिण्याचा नियम एकच होता: स्वतः पाहिलं नाही, ते लिहायचं नाही.

बाबा शाळामास्तर. कृष्णेकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात ते सुट्टीच्या दिवशी भानामती, गंडेदोरे, अंगात येणं यांच्याविरुद्ध पत्रकं काढायचे. स्वस्तातला गुलाबी कागद, एकाच बाजूला मजकूर आणि तळाला 'वाचा व दुसऱ्यास द्या'. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. त्यांच्या तीन घड्या घालून गठ्ठे बांधायचं काम माझं असायचं, त्यामुळे माझ्या बोटांना कित्येक वर्षं शाईचा वास होता. प्रत्येक पत्रक एका केसने सुरू व्हायचं. अमुक बाईला ताप आला, दवाखान्याऐवजी तिला देवऋषीकडे नेलं, पुढे काय झालं ते ऐका. "केस खरी पाहिजे," बाबा म्हणायचे. "त्यात एक वाक्य खोटं सापडलं, की बाकीची सगळी खरी वाक्यं आपणच मारली असं समज."

हा नियम मी मोडला. सत्ताविसाव्या वर्षी, जर्मनीत, आणि तोही जिने मला राहायला घर दिलं होतं तिच्या बाबतीत.

मी इंगोलश्टाटला गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते. शहरात घर मिळेना, म्हणून डॅन्यूबच्या काठी एका खेड्यात एका बाईच्या घराचा वरचा मजला घेतला. बाई एकाहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं आपोटेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानात, काउंटरमागे उभी राहिलेली. तिचा नवरा शरद ऋतूत गेला होता, मी जानेवारीत राहायला आले. पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं की इथे एका छताखाली राहणारी माणसं एकमेकांना 'तू' म्हणतात, तेव्हा तूही म्हण. मी फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, "सत्तरीच्या बाईला अगं-तुगं करतेस? लाज वाटत नाही?" वाटत होती. पण मार्चपर्यंत सवय झाली.

तिच्या घरात शिरल्यावर डाव्या हाताला कोट टांगायच्या खुंट्या होत्या. तिथे रेनकोटाशेजारी पायघोळ पांढरट झगा टांगलेला असायचा.

"नाटकात काम करतेस?" मी विचारलं.

"नाही. मी ड्रुइड आहे," ती म्हणाली. मी शाकाहारी आहे, असं सांगावं त्या सुरात.

मला राग आला. झगा दिसला की मला आधी राग येतो, मग विचार सुचतो. मी त्याच संध्याकाळी वाचायला बसले आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशी भांडायला खाली गेले. म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या केल्टिक पुरोहितांची, ड्रुइडांची, परंपरा चालवतो असं तुम्ही कसं म्हणता? त्यांनी तर काही लिहूनच ठेवलेलं नाही.

"कोण म्हणतं चालवतो?" ती सफरचंद सोलत होती. "जुन्या ड्रुइडांबद्दल फारसं कुणालाच ठाऊक नाही. आम्ही करतो ते बहुतेक सगळं अलीकडच्या लोकांनी रचलेलं. थोडं आमच्या हाइनने रचलंय, तेही वाईट यमकं जुळवून." हाइन म्हणजे राई, आणि तिच्या गटालाही ते हाइनच म्हणतात. एकूण सात माणसं. वर्षात आठ सण: दोन सर्वांत मोठ्या दिवसाचे आणि रात्रीचे, दोन समदिनांचे, म्हणजे दिवस-रात्र सारखी असतात तेव्हाचे, आणि त्यांच्या अधेमधे चार. त्या दिवशी जंगलात जायचं, गोल करून उभं राहायचं, ऋतू बदलल्याची नोंद घ्यायची, ब्रेड आणि सफरचंद खायचं आणि परत यायचं.

"आणि देव?"

"सातजणांची सात मतं आहेत. त्यावर आम्ही बोलत नाही, जेवण थंड होतं."

भांडायला आलेल्या माणसाची यात फार अडचण होते. माझी झाली.

जूनमध्ये मी त्यांच्याबरोबर गेले. डॅन्यूबच्या पूरमैदानातलं जंगल, पायाखाली भुसभुशीत. पुढारी म्हणून एक उंच माणूस होता. तो मोटारीच्या कारखान्यात शिफ्टमध्ये रोबो दुरुस्त करतो. पण पुढारीपण फिरतं असतं, त्या वर्षी त्याची पाळी होती. दुसरी एक बाई करखात्यात कामाला. सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी पिशव्या काढून बाटल्या आणि प्लास्टिक गोळा केलं. मग त्यांनी मला वाळत चाललेली अॅशची झाडं दाखवली. त्यांना बुरशीचा रोग आहे. कुठल्या झाडावर वनखात्याने रंगाची खूण केली आहे, कुठलं अजून तग धरून आहे, हे त्यांना घरातल्या आजारी माणसासारखं पाठ होतं. झगे फक्त तिघांनी घातले होते. करखात्याची बाई ट्रेकिंगच्या पँटमध्ये होती.

मी गोलाच्या बाहेर उभी राहिले. ते मी आधीच सांगितलं होतं. कुणी आग्रह केला नाही.

एवढं सगळं पाहिलं होतं, आणि तरी मी तो लेख लिहिला. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी. संपादकांनी म्हटलं होतं, तुमचं काहीतरी सडेतोड हवं. मी युरोपातल्या नव्या अंधश्रद्धांवर लिहायला बसले. मुद्दे तयार होते: झाडाजवळ जायला माणसाला मध्यस्थ कशाला, आज हौसेने घातलेला झगा उद्या अधिकार मागतो. हे मला तेव्हाही पटत होतं, आजही बरंचसं पटतं. पण लेख उभा राहीना. केस नव्हती.

तेव्हा मला ती डबी आठवली. बाईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गोळ्यांची एक प्लास्टिकची डबी असायची. आठवड्याच्या सात वारांचे सात कप्पे, पारदर्शक झाकणं. "ती त्याची," नवऱ्याबद्दल ती एकदा म्हणाली होती. आणि त्या डबीत गोळ्या नव्हत्या. मेपलच्या पंखवाल्या बिया, सुकलेली लाल फळं, सफरचंदाच्या बिया असं काय काय होतं.

मी लिहिलं: 'माझ्या ओळखीतल्या एका ड्रुइड बाईच्या घरी आजारी नवऱ्याच्या औषधाच्या डबीत गोळ्यांऐवजी झाडांच्या बिया भरलेल्या मी पाहिल्या. नवरा आज हयात नाही.'

दोन्ही वाक्यं सुटी घेतली तर पाहिलेली होती. तो आजारी असताना बिया होत्या का, हे मात्र मी पाहिलं नव्हतं, विचारलं नव्हतं. लिहिताना हात अडला नाही. उलट लेख एकदम पळायला लागला.

स्मरणिका निघाली. म्युनिकच्या कार्यक्रमात चार-पाचजणांनी गाठून सांगितलं, "काय ठोकलंय!" एका पुणेकर काकांनी तर माझा हात धरून विचारलं, "नवरा गेला ना शेवटी? वाटलंच." बाबांना मी लेखाचा फोटो पाठवला होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पहिला परिच्छेद उचलून पत्रकच काढलं: 'परदेशातही तेच!' त्यांचा आवाज इतका खूश मी अनेक वर्षांत ऐकला नव्हता.

खाली बाई म्हणाली, "छापून आलंय म्हणे तुझं. दाखव की." मी दिलं. लेख देवनागरीत होता, तिला काय कळणार, असा हिशोब होता माझा. तिने पान हाताने सपाट केलं, अक्षरं वेलीसारखी सुंदर आहेत म्हणाली आणि स्मरणिका ठेवून घेतली.

पुढचा रविवार शरदातल्या समदिनाचा. दुपारी तीन वाजता आम्ही जंगलात पोचलो. गाडीत ती गप्प होती. मला वाटलं, नवऱ्याशिवायचा हा पहिला शरद आहे, म्हणून असेल. मी सफरचंदांची टोपली घेऊन नेहमीसारखी गोलाबाहेर उभी राहिले.

त्यांच्यात कुठलंही काम सुरू करण्याआधी चारी दिशांना शांती विचारतात. पुढारी मधे उभा राहतो आणि एकेका दिशेला तोंड करून विचारतो, पूर्वेला शांती आहे का? त्या बाजूला उभी असलेली माणसं म्हणतात, आहे. चारी बाजूंनी 'आहे' आलं की सुरुवात. जूनमध्ये मी हे पाहिलं तेव्हा मनात म्हटलं होतं, इथेही हजेरी.

उंच माणसाने पूर्वेला विचारलं. आहे. दक्षिणेला विचारलं. आहे. पश्चिमेला बाई एकटी उभी होती, ती जागा तिच्या नवऱ्याची होती.

"पश्चिमेला शांती आहे?"

ती पायाखालच्या पानांकडे बघत होती. मग म्हणाली, "नाही."

मला वाटलं, हाही विधीचा भाग असेल. पण त्यांनी एकमेकांकडे पाहिलं त्यावरून कळलं, नाही. उंच माणसाने हातातली काठी खाली ठेवली. "बरं," तो म्हणाला, "मग बसू या." आणि सगळे ओल्या पानांवर बसले, झगेवालेसुद्धा. कुणी नाही म्हटलं तर शांती होईपर्यंत काम करायचं नाही, असा त्यांचा रिवाज आहे. करखात्याच्या बाईने मला नंतर सांगितलं, याआधी हे एकदाच झालं होतं, गाडी पार्क करण्यावरून.

"कोणाशी?" उंच माणसाने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "हिच्याशी. ये, बस. उभ्याने नको."

मी पहिल्यांदाच त्यांच्या गोलात बसले, ती अशी.

तिने फोन काढला नाही, कागद काढला नाही. अक्षरांचा फोटो काढला की फोन भाषांतर करून दाखवतो, मीही ते रोज पत्रं वाचायला करते. तिने तेच केलं होतं. ते तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि मग म्हणाली, "मी चाळीस वर्षं काउंटरला होते. एकाही माणसाच्या हातात कधी चुकीची गोळी दिली नाही. आणि तू लिहितेस, मी त्याला बिया चारल्या."

"मी नाव घेतलं नव्हतं," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून आधी निघालं. बाबांकडे तक्रार घेऊन आलेल्या लोकांना गावातले बुवा हेच सांगायचे.

"गेनाऊ, अगदी बरोबर," करखात्याची बाई म्हणाली. "नाव घेतलं नाहीस म्हणून ती आमच्यातली कुणीही असू शकते. माझाही नवरा आहे. आज सकाळीच त्याने गोळी घेतली, तुला कळवून ठेवते."

एक-दोघं हसले. बाई हसली नाही.

"डबी मी दर रविवारी भरायची," ती म्हणाली. "तो गेला तेव्हा पुढच्या वारांच्या गोळ्या तशाच होत्या. त्या मी दुकानात नेऊन दिल्या, टाकून द्यायच्या नसतात. मग डबी रिकामी राहिली. मला ती बघवेना. त्याच्या कोटांच्या खिशांत बिया सापडल्या. चालताना उचलायचा, खिशात टाकायचा आणि विसरायचा. सगळे कोट धुवायला टाकताना निघाल्या त्या मी डबीत भरल्या." मग ती माझ्याकडे वळली. "तू रोज माझ्या स्वयंपाकघरात बसायचीस. विचारायचंस तरी."

माझं जर्मन तेव्हा बरं होतं, पण त्या वेळी मला एकच वाक्य सापडलं. "मी ते पाहिलं नव्हतं. मी मनानेच अर्थ लावला. ते वाक्य खोटं आहे."

"आणि लेखातलं बाकीचं?" उंच माणसाने विचारलं. त्याच्या आवाजात चीड नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

खोटी नम्रता दाखवायची असती तर हीच वेळ होती. "बाकीचं माझं मत आहे," मी म्हणाले. "ते मी बदललेलं नाही."

"ते राहू दे," करखात्याची बाई म्हणाली. "आम्हालाही झग्यांबद्दल शंका आहेत. घाम येतो."

मला वाटलं, मिटलं. उंच माणसानेही बाईकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. "हे तिने मला जर्मनमध्ये सांगितलं. लिहिलंय तिच्या भाषेत. तिथे अजून माझा नवरा बिया खाऊन मेलेला आहे."

उंच माणसाने काठी उचलली. ते उठले. सण झाला नाही. ब्रेड कापला नाही, सफरचंदं टोपलीत तशीच परत आली. सातजण दूरदूरहून आले होते आणि माझ्या एका वाक्यामुळे झगे घडी करून परत गेले. परतीच्या वाटेवर माझ्या मनात येत होतं की बाबांच्या बैठकांत कुणी नको तो प्रश्न विचारला की व्यासपीठावरून 'शांतता राखा' अशी सूचना यायची. इथे शांती नाही म्हणणाऱ्या एका बाईसाठी सगळे खाली बसले. मी लेखात मध्यस्थांवर तावातावाने लिहिलं होतं, आणि हे माझ्या नजरेतून निसटलं होतं. जूनमध्येही ते माझ्या समोरच होतं.

त्याच संध्याकाळी बाबांना फोन लावला. पत्रकांचे अर्धे गठ्ठे आठवडी बाजारात वाटून झाले होते.

"बाबा, ती केस खोटी आहे."

"म्हणजे? तू पाहिलंस ना डबीत?"

"डबी पाहिली. तो जिवंत असताना काय होतं ते नाही पाहिलं. त्याला गोळ्याच दिल्या होत्या."

ते जरा वेगळ्या, समजूत काढायच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, अशा केसेस असतातच गं. ही नसेल, दुसरी असेल. मुद्दा तर खरा आहे ना? उरलेले गठ्ठे नाही वाटत, विषय संपला."

मला हे अपेक्षित नव्हतं. ते ओरडतील अशी तयारी केली होती. "तुम्हीच सांगायचात ना, एक वाक्य खोटं सापडलं तर..."

"मला माझंच ऐकवू नकोस. तुला तिथे बसून कळणार नाही. इथे लोक टपून बसलेत. चूक छापून कबूल केली, तर बुवांची माणसं ते पत्रक फ्रेम करून लावतील."

"मग लावू देत."

"तुझं काय जातंय लावू देत म्हणायला? चौकात उभं मला राहायचंय."

मागून आईचा आवाज आला. "अहो, फोन द्या इकडे. तुम्ही दुसऱ्यांकडून लेखी माफ्या घेतल्यात, त्यांचं काही गेलं नव्हतं होय?"

फोन तिच्याकडे गेला नाही. बाबांनी कुठलातरी कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. शेवटी म्हणाले, "मजकूर तू लिही. तुझ्या नावाने जाईल, प्रकाशक म्हणून माझं नाव खाली. आणि चार ओळींत बसव."

चार ओळी लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात माझा पश्चात्ताप इतका होता की त्या बाईच्या नवऱ्याला जागाच राहिली नव्हती. शेवटचा असा झाला:

'शुद्धिपत्र. "परदेशातही तेच" या पत्रकातील घटना खोटी आहे. त्या गृहस्थांना त्यांच्या पत्नीने शेवटपर्यंत डॉक्टरांनी दिलेली औषधे वेळेवर दिली. डबीतील बिया त्यांच्या मृत्यूनंतर ठेवलेल्या होत्या. मी चौकशी न करता लिहिले.'

बाबांनी त्याच गुलाबी कागदावर छापलं आणि त्याच बाजारात, त्याच कोपऱ्यावर उभं राहून स्वतः वाटलं. मंडळानेही आपल्या मेलमधून पाठवलं. पुणेकर काकांनी मला कळवलं की मूळ लेख जास्त रंगला होता. गावात एकाने बाबांना विचारलं म्हणे, "मग मास्तर, ती झाडवाली बाई बरोबर आहे का?" बाबा म्हणाले, "ते मला माहीत नाही. आमचं वाक्य चूक होतं." हे मला आईने सांगितलं. बाबांनी स्वतः सांगितलं ते इतकंच, की गठ्ठ्यांच्या घड्या आता त्यांनाच घालाव्या लागतात आणि त्या तिरक्या येतात.

पोस्टाने आलेलं एक शुद्धिपत्र मी खाली नेऊन टेबलावर ठेवलं. बाईने माझ्यासमोरच फोन त्याच्यावर धरला. एकदा वाचलं, उजेडाकडे सरकवून पुन्हा वाचलं. मग कागद घडीवर घडी करून तिने एप्रनच्या खिशात ठेवला आणि विचारलं, सूप घेणार का. मी घेतलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांचा पुढचा सण असतो, गेलेल्या माणसांची आठवण काढायचा. दुपारीच अंधारून आलं होतं. यंदा त्यांना झाडं लावायची होती. वनखात्याची परवानगी होती, त्या अर्जावर तीन शिक्के होते. एका तोडलेल्या अॅशच्या जागेत खड्डे खणायचे होते. मी कुदळ घेऊन गोलाबाहेर उभी होते.

पूर्वेला आहे. दक्षिणेला आहे.

"पश्चिमेला शांती आहे?"

बाईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग समोर. "थोडी आहे," ती म्हणाली.

उंच माणूस घोटाळला. रिवाजात यासाठी काही नव्हतं. "थोडी चालते का?" त्याने हळूच इतरांना विचारलं.

"चालवून घे," करखात्याची बाई म्हणाली. "पाऊस येतोय."

त्याने उत्तरेकडे तोंड वळवलं.

मी खणलं. मुळं फार होती, तासभर गेला. शेवटच्या खड्ड्याजवळ बाई आली आणि तिने कोटातून ती डबी काढली. एकेका वाराचं झाकण उघडून तिने बिया मातीत टाकल्या, मेपलच्या, लाल फळांच्या, सगळ्या. यातलं किती उगवेल तिलाही ठाऊक नव्हतं. 'सो', म्हणजे रविवार, या कप्प्यापाशी येऊन तिने झाकण उघडलं नाही. डबी पुन्हा खिशात गेली.

पूर्वी मी यावरून मनानेच काहीतरी अर्थ लावला असता. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "रविवारच्या का ठेवल्यास?"

तिने किल्ली लावली होती, पण गाडी सुरू केली नाही. काचेवर थेंब पडायला लागले. "सांगते," ती म्हणाली, आणि सांगायला लागली.